खोक्यावर नाव एकाचं, आत कोटिंग दुसऱ्याचं

बाहेरगावी विणलेली चादर ‘सोलापुरी’ म्हणून विकली जाते तेव्हा सोलापुरात सगळ्यांनाच राग येतो. विणकराला येतो, दुकानदाराला येतो, आणि ज्याने उभ्या जन्मात मागाला हात लावलेला नाही त्यालाही येतो. पानिपतचा माल आणि आपला शिक्का, हे गाऱ्हाणं इथे चहाच्या टपरीवर ऐकायला मिळतं. भौगोलिक मानांकन मिळालं तरी ते संपलेलं नाही. राग रास्तच आहे. पण याच शहरातली काही पोरं आता आजोबांचा कॅमेरा माळ्यावरून काढून त्यात पुन्हा कृष्णधवल रोल टाकू लागली आहेत, आणि त्यांच्यापैकी क्वचितच कुणी खोकं उलटंपालटं करून विचारतो, की बाबा, हा रोल नक्की बनवला कुणी?

नावांना तोटा नाही. इल्फर्ड, केंटमियर, कोडक, फोमा, रोलाय, आग्फाफोटो, लोमोग्राफी, फुजी, कॉस्मो फोटो, अडॉक्स. सोलापुरात दुकानात जाऊन रोल मागितला तर दुकानदार आधी तुमच्या तोंडाकडे बघतो, त्यामुळे मुंबई-पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवण्याला पर्याय नाही. तिथली यादी बघितली की वाटतं, बाजार नुसता गजबजलेला आहे. प्रत्यक्षात या सगळ्या नावांच्या मागे उभे असलेले कारखाने हाताच्या बोटांवर मोजता येतात, आणि फोटो छापायच्या कागदाच्या बाबतीत तर एका हाताचीही सगळी बोटं लागत नाहीत.

आधी ‘बनवणं’ कशाला म्हणायचं ते ठरवू. कोमट जिलेटिनमध्ये सिल्व्हर नायट्रेट आणि पोटॅशियम ब्रोमाइड, थोडं आयोडाइड, ठरावीक वेगाने आणि ठरावीक तापमानाला एकत्र आणायचं. त्यातून सिल्व्हर हॅलाइडचे सूक्ष्म स्फटिक तयार होतात. ते वाढू द्यायचे, नको असलेले क्षार धुऊन काढायचे, गंधक आणि सोन्याच्या संयुगांचा अंश घालून प्रकाशाला तिखट करायचे, सगळ्या रंगांचा उजेड पकडावा म्हणून त्यात खास रंगद्रव्यं मिसळायची. मग हे इमल्शन मीटरभराहून रुंद पट्ट्यावर, मिट्ट काळोखात, काही मायक्रॉन जाडीच्या थरांनी पसरायचं, हेच कोटिंग. थर गार करून घट्ट करायचा, वाळवायचा. पुढचं सगळं, म्हणजे पट्ट्या कापणं, भोकं पाडणं, डबीत भरणं, खोकं छापणं, हे दुसरीकडे कुणीही करू शकतं आणि करतंही. कोटिंग करतो तो उत्पादक. बाकीचे कापणारे आणि भरणारे. त्यांचं काम हलकं नाही, पण ते वेगळं काम आहे.

यातलं जिलेटिन म्हणजे गुरांच्या हाडांचा आणि कातड्याचा अर्क. एकेकाळी कंपन्यांना कोडं पडलं होतं, की एका घाण्यातली फिल्म तेज निघते आणि दुसऱ्यातली मंद, असं का? १९२५ साली कोडकच्या सॅम्युअल शेपर्ड यांनी ते सोडवलं. गुरांनी मोहरीच्या जातीच्या वनस्पती खाल्ल्या असतील तर त्यांतली गंधकाची संयुगं जिलेटिनमध्ये उतरत आणि फिल्मची संवेदनशीलता वाढे. अशा गोष्टी सूत्र वाचून हाती लागत नाहीत. त्या कारखान्यात, माणसांच्या हातात आणि वहीत साठत जातात. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

आता कारखाने. पहिला इंग्लंडमधला, चेशायर परगण्यातल्या मोबर्ली गावचा. मालक हार्मन टेक्नॉलॉजी. इल्फर्डचे एचपी५ प्लस, एफपी४ प्लस, डेल्टा हे रोल इथे बनतात, केंटमियर इथलाच, आणि मल्टिग्रेड कागदही इथलाच. पण इल्फर्ड हे नाव हार्मनच्या मालकीचं नाही. कृष्णधवल मालावर ते वापरण्याचा हक्क तेवढा हार्मनकडे आहे. ‘इल्फोकलर’ नावाचे जे रंगीत वापरा-आणि-फेका कॅमेरे दिसतात ते त्याच नावाच्या दुसऱ्याच कंपनीचे. एकच नाव, दोन घरं. फुजीने २०१८ साली आपला अ‍ॅक्रॉस रोल बंद केला, बोंबाबोंब झाल्यावर २०१९ मध्ये ‘अ‍ॅक्रॉस २’ आणला. त्याच्या खोक्यावर बारीक अक्षरांत ‘मेड इन यूके’ आहे. ब्रिटनमध्ये अशी फिल्म मोठ्या प्रमाणावर कोट करणारा कारखाना मोबर्लीशिवाय दुसरा नाही, तेव्हा जपानी खोक्यात काय आहे हे ज्याचं त्याने ओळखावं.

दुसरा अमेरिकेतल्या रॉचेस्टरचा. ट्राय-एक्स आणि टी-मॅक्स तिथे ईस्टमन कोडकच्या इमारतीत कोट होतात. विकत मात्र वर्षानुवर्षं कोडक अलारिस ही वेगळीच कंपनी होती. ही भानगड गिरणगावाने नीट ऐकावी अशी आहे. जानेवारी २०१२ मध्ये कोडकने दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितलं, तेव्हा इंग्लंडमधल्या कोडक कामगारांच्या पेन्शन फंडाचा दावा होता २.८ अब्ज डॉलरचा. रोख द्यायला पैसे नव्हते. तडजोडीत २०१३ साली रोल विकण्याचा धंदाच पेन्शन फंडाच्या हाती आला, आणि निवृत्त कामगारांचा फंड पुढची काही वर्षं ट्राय-एक्स विकत राहिला. २०२० मध्ये तो धंदा ब्रिटनच्या पेन्शन प्रोटेक्शन फंडाकडे गेला. २०२४ मध्ये तो धंदा एका गुंतवणूक कंपनीला गेला. गिरणीची देणी मिळावीत म्हणून कचेऱ्यांचे उंबरठे झिजवणारी माणसं ज्यांच्या घरात होऊन गेली, त्यांना यातलं वेगळेपण समजावून सांगायला नको.

तिसरा चेक प्रजासत्ताकातल्या ह्राडेत्स क्रालोवे इथला फोमा, १९२१ पासूनचा. फोमापान १००, २००, ४०० आणि फोमाब्रोम, फोमाटोन हे कागद. बाजारात नव्या नावाने येणारे कितीतरी स्वस्त रोल मुळात फोमापानच असतात, हे जाणकारांत उघड गुपित आहे. चौथा बेल्जियममधल्या मोर्टसेलचा आग्फा-गेवर्ट. तो हवाई छायाचित्रणासाठी फिल्म बनवत आला, आणि रोलायच्या नावाने येणारे काही रोल त्याच मालातून कापलेले. इटलीत फेरानिया आहे, जर्मनीत इनोव्हिस्कोट आणि अडॉक्स आहेत, चीनमध्ये शांघाय आणि बाओदिंगची लकी. (बाओदिंग जिल्ह्यातल्याच थांग परगण्यात १९४२ साली आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस गेले. फिल्मशी त्याचा काही संबंध नाही, पण नकाशावर ते नाव दिसलं की सोलापूरकराची नजर तिथे अडखळतेच.)

कागदाचं चित्र याहून विरळ आहे. २००४ साली इल्फर्डची इंग्लंडमधली कंपनी रिसीव्हरच्या ताब्यात गेली, २००५ मध्ये तिथल्याच व्यवस्थापकांनी ती विकत घेऊन वाचवली. त्याच २००५ मध्ये कोडकने कृष्णधवल कागद कायमचा बंद केला आणि आग्फाफोटोचं दिवाळं निघालं. २००७ मध्ये हंगेरीचा फोर्टे गेला. आज नियमितपणे, मोठ्या प्रमाणावर, सगळ्या आकारांत कागद देणारे म्हणावेत असे दोनच, हार्मन आणि फोमा. यांच्यापैकी एकाने उद्या दार लावलं तर जगातल्या निम्म्याअधिक डार्करूमची पंचाईत होईल.

यावर नेहमीचा प्रश्न येतो, की कुणी का बनवेना, फोटो निघाल्याशी मतलब! तर फोटो निघतो की नाही हे मे महिन्यात सोलापुरात रोल धुऊन पाहावं. बाहेर त्रेचाळीस अंश, टाकीतलं पाणी हाताला चटका देणारं, आणि रोलवर चित्र उमटवणारं रसायन, म्हणजे डेव्हलपर, हवं वीस अंशांना. म्हणजे बर्फाच्या परातीत बाटल्या उभ्या करून ठेवायच्या आणि थर्मामीटरकडे बघत बसायचं. त्यात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. चित्र पक्कं करणाऱ्या फिक्सरनंतर अर्धा तास वाहत्या नळाखाली रोल धुवा, असं जुन्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. इथे तसं करणाऱ्याला घरचे घराबाहेर काढतील. पण इल्फर्डच्या माहितीपत्रात दुसरी रीत दिली आहे. टँक पाण्याने भरा, पाच वेळा उलटासुलटा करा, ओतून द्या. पुन्हा भरा, दहा वेळा. पुन्हा भरा, वीस वेळा. झालं. तीन टँक पाण्यात रोल धुतला जातो. ही रीत बनवणारा सांगू शकतो, कारण आपल्या इमल्शनमध्ये हायपो (फिक्सरमधलं रसायन) किती मुरतो आणि किती वेळात बाहेर येतो हे त्याने मोजलेलं असतं. फोमाचं इमल्शन तुलनेने नाजूक, ओलं असताना गरम पाणी आणि नखं त्याला सोसत नाहीत, हेही आधी कळलेलं बरं. नुसतं देखणं नाव छापलेल्या खोक्यात मात्र यातलं काही नसतं. आत कुणाचा माल आहे तेच ठाऊक नसेल तर माहितीपत्र कुणाचं वाचणार?

आयात मालाच्या वेष्टनावर मूळ देशाचं नाव असलंच पाहिजे असा आपला कायदा आहे. तो देश सांगतो, कारखाना सांगत नाही. रोलला हजार रुपयांच्या आगेमागे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाने ‘कोटिंग कुणाचं’ हे विक्रेत्याला विचारायला कायदा बदलण्याची वाट पाहू नये. पुरेसे लोक विचारू लागले की उत्तर खोक्यावर यायला लागतं. काही छोट्या कंपन्या आताही मोकळेपणी सांगतात, आणि त्यांचा खप काही त्यामुळे घटलेला दिसत नाही.

पण खरीदणाऱ्याचं शहाणपण हा या गोष्टीचा लहान भाग. मोठा भाग असा, की या यादीत एकेकाळी भारत होता. उटीला १९६० साली हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही केंद्र सरकारची कंपनी उभी राहिली. फ्रान्सच्या बोशे कंपनीचं तंत्रज्ञान, निलगिरीची गार, बिनधुळीची हवा, आणि १९६७ पासून उत्पादन. ‘इंदू’ हे तिच्या मालाचं नाव. रोल, कागद, एक्स-रे फिल्म, सिनेमाची फिल्म, सगळं. त्याच सुमाराला बडोद्यात आग्फा क्लिक ३ कॅमेरा बनत होता. म्हणजे कॅमेरा गुजरातचा, रोल तामिळनाडूचा आणि फोटो सोलापूरच्या नवी पेठेतला, अशी साखळी या देशात होऊन गेली. जुने स्टुडिओवाले इंदूबद्दल दोन्ही तोंडांनी बोलतात. कागद एका पाकिटातून दुसऱ्या पाकिटात बदलायचा, असं म्हणतात, आणि त्याच दमात सांगतात की पासपोर्ट फोटोचा धंदा त्याच्यावरच चालला.

हा कारखाना का बुडाला, असं विचारलं की दहातले नऊ जण म्हणतात, डिजिटल आलं. हे सोयीचं उत्तर आहे आणि चुकीचं आहे. नव्वदीच्या दशकातच ही कंपनी आजारी उद्योगांच्या यादीत गेली होती. तेव्हा सोलापुरात काय, मुंबईतही लग्नाचे फोटो रोलवरच निघत होते. पॉलिस्टर बेसवरच्या एक्स-रे फिल्मचा भलामोठा प्रकल्प कर्ज काढून हाती घेतला, तो वेळेत आणि अंदाजात बसला नाही, आणि तेवढ्यात आयातीची दारं उघडून परदेशी माल आला. डिजिटल आलं ते तेराव्याला. पुढची दोन दशकं कंपनी ना जिवंत ना मेलेली अशी राहिली, आणि २०१४ साली केंद्राने उरलेल्या कामगारांसाठी स्वेच्छानिवृत्तीचं पॅकेज मंजूर केलं.

फोमाशी ताडून बघा. तोही समाजवादी राजवटीतला सरकारी कारखाना. त्याच्या राजवटीने १९८९ साली मान टाकली, त्याचीही बाजारपेठ एका रात्रीत नाहीशी झाली. तो खासगी झाला, आकसला, आणि आकसलेल्या आकारात जगला. मोबर्लीत तर कंपनी बुडाल्यावर आतल्याच माणसांनी ती उचलली. उटीत असं काही सुचवण्याची सोयच नव्हती. आपल्याकडे सरकारी कारखाना बंद करायचा म्हणजे दोनच हिशेब मांडतात, जमीन किती आणि माणसं किती. तिसरा हिशेब, म्हणजे या माणसांना काय येतं आणि ते कुठे लिहून ठेवलंय, हा रकाना कागदावर नसतोच.

सोलापूरकराला हे परकं नाही. १८७७ मध्ये इथे जुनी गिरणी निघाली, पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी. भोंगे एकामागून एक बंद झाले, जमिनींचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तरी चादर आणि टॉवेल मेले नाहीत, कारण विणण्याची विद्या गिरणीच्या भिंतीआड अडकलेली नव्हती. पद्मशाली घरांतून ती आधीही होती आणि नंतरही राहिली. हातमागावरून यंत्रमागावर गेली, अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये शिरली. चार मागांवरही चादर निघते. फिल्मचं तसं नाही. रॉचेस्टरचं मशीन काही तासांत जेवढं कोट करतं तेवढ्यावर एखाद्या लहान देशाची वर्षभराची हौस भागेल. मशीन मंद चालवून भागत नाही, खर्च तेवढाच राहतो. म्हणून मोठे कारखाने मागणी घटल्यावर हळूहळू लहान होत नाहीत, एकदम कोसळतात. ज्यांच्याकडे योगायोगाने लहान मशीन होतं ते तरले. फेरानियाचं उदाहरण बोलकं आहे. इटलीतला तो अवाढव्य कारखाना गेला, पण आतली संशोधनाची प्रयोगशाळा आणि तिथलं छोटं कोटिंग मशीन राहिलं. २०१४ मध्ये लोकवर्गणीतून तीन लाख डॉलरहून जास्त जमवून काही जणांनी त्यावर काम सुरू केलं. कबूल केली होती रंगीत स्लाइड फिल्म. ती काही आली नाही, २०१७ मध्ये आला कृष्णधवल पी३०. वर्गणीदार चिडले, आणि त्यांचं चिडणं बरोबर होतं. तरीही रोल आला. अडॉक्सनेही बर्लिनजवळच्या बाड सारोव गावात लहान यंत्रांवर संसार मांडला, आणि स्वित्झर्लंडमध्ये इल्फर्डची जी वेगळी कंपनी बुडाली तिचं मार्ली इथलं कोटिंग मशीन घेतलं.

कुणी म्हणेल, एवढ्याशा हौसेसाठी सरकारचा पैसा कशाला? मान्य. उटी पुन्हा उभी करा असं म्हणणाऱ्यांशी माझं जमणार नाही. स्वदेशी रोल हे आता स्वप्नच, आणि महागडं. हौस मात्र म्हणावी तेवढी चिमुकली राहिलेली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोडकने रॉचेस्टरचा फिल्म कारखाना काही आठवडे बंद ठेवला तो यंत्रसामग्री सुधारण्यासाठी, कारण मागणी पुरवता येईना. पण तो त्यांचा धंदा आहे, ते बघून घेतील.

माझं मागणं लहान आहे आणि कागदापुरतं आहे. कृष्णधवल कागद मिट्ट काळोखात बनवावा लागत नाही, लाल-पिवळ्या उजेडात काम चालतं. त्याला सगळ्या रंगांची संवेदना लागत नाही. एकाच ग्रेडचा, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक ठरून गेलेला, साधा ब्रोमाइड कागद घेतला तर इमल्शनही तुलनेने सोपं. फूटभर रुंदीचं, सावकाश चालणारं मशीन एखाद्या रसायन अभियांत्रिकीच्या कॉलेजात बसेल. सिल्व्हर नायट्रेट भारतात बनतं. हाडांपासून जिलेटिनचा कच्चा माल बनवणारा उद्योग केरळात आहे, आणि आपल्याकडची हाडं तर पिढ्यानपिढ्या परदेशी जिलेटिनवाल्यांकडे जात आली. चांदी महाग झाली आहे हे खरं, पण कागदाच्या एका तावात ती अगदी जेमतेम असते. एखादी कला-महाविद्यालयाची डार्करूम आणि एक रसायनशाळा यांनी मिळून वर्षाला काही हजार ताव काढले तरी पुष्कळ झालं. त्यातले पहिले काही शे ताव डागाळलेले निघतील, निघू देत.

त्याआधी मात्र उटीला कुणीतरी जायला हवं. ज्यांनी तिथे इमल्शन शिजवलं, ज्यांना कुठल्या घाण्याला किती मिनिटं द्यायची हे घड्याळ न बघता कळायचं, ती माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्या वह्या, बॅचची रजिस्टरं, कोटिंगच्या नोंदी कुठे असतील त्या शोधून स्कॅन करायच्या, आणि त्यांच्याशी तमिळमध्ये चार-चार तास बोलून ते रेकॉर्ड करायचं. हे काम पुण्याच्या फिल्म अर्काइव्हने करावं, एखाद्या विद्यापीठाने करावं, नाहीतर चार पोरांनी सुट्टीत करावं. खर्च रेल्वेच्या तिकिटांचा आणि लॉजचा. नंतर मशीनचं बघता येईल. कागदाचा बेस, म्हणजे ज्यावर इमल्शन पसरायचं तो कोरा कागद, मात्र सुरुवातीची काही वर्षं बाहेरूनच आणावा लागेल, त्याला इलाज नाही.